नाळेतलं रक्त: बाळाला, बँकेला की आजारी भावंडाला?

सातवा-आठवा महिना लागला की रत्नागिरी, चिपळूण, कणकवलीच्या सोनोग्राफी सेंटरबाहेर एक माहितीपत्रक हातात पडतं आणि दोन दिवसांनी फोन येतो: बाळाच्या मूलपेशी साठवा, आयुष्यभराचं संरक्षण मिळेल. रक्कम पन्नास हजारांपासून लाखाच्या वर जाते, हप्ते पाडून मिळतात. मुंबईचा चाकरमानी भाऊ म्हणतो भरून टाक, सासरे म्हणतात हे काय नवीन. ठरवायला वेळ थोडा असतो आणि समोर असते फक्त विकणाऱ्याने दिलेली माहिती.

आमचं मत आधीच सांगतो. बहुतेक घरांसाठी ते रक्त बाळाच्याच अंगात जाऊ देणं सर्वांत चांगलं. साठवण्याला खरा अर्थ येतो तो एकाच परिस्थितीत, आणि ती पुढे सविस्तर दिली आहे.

मूलपेशी कुठल्या, आणि नाळेत कुठल्या असतात

मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल, दोन कामं करते: स्वतःसारखी दुसरी पेशी तयार करते आणि गरजेप्रमाणे विशिष्ट पेशीही घडवते. भ्रूणाच्या पहिल्या काही दिवसांतल्या मूलपेशी शरीरातली जवळजवळ कुठलीही पेशी बनवू शकतात. मानवी भ्रूणाच्या अशा पेशी १९९८ साली अमेरिकेत जेम्स थॉमसन यांनी प्रयोगशाळेत वाढवल्या. २००६ मध्ये जपानच्या शिन्या यामानाका यांनी उंदराच्या त्वचेची साधी पेशी चार जनुकं घालून पुन्हा मूलपेशीसारखी केली, पुढच्या वर्षी माणसाची, आणि २०१२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. या दोन्ही प्रकारांवरचं काम अजून मुख्यतः प्रयोगशाळेत आणि चाचण्यांमध्ये आहे.

दवाखान्यात रोज वापरात आहेत त्या तिसऱ्या प्रकारच्या: वाढ झालेल्या शरीरातल्या, ठरावीक कामाच्या मूलपेशी. त्यात रक्त बनवणाऱ्या मूलपेशी सर्वांत महत्त्वाच्या. त्या अस्थिमज्जेत, म्हणजे बोनमॅरोत असतात, थोड्या रक्तात फिरतात आणि जन्माच्या वेळी नाळेच्या रक्तातही असतात. त्या लाल पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट बनवतात. हृदय, मेंदू किंवा स्वादुपिंड त्यांच्यापासून बनवण्याचा उपचार आज उपलब्ध नाही. माहितीपत्रकातली ऐंशी आजारांची यादी वाचताना हे लक्षात ठेवावं, कारण त्यातले बहुतेक आजार रक्ताचे, प्रतिकारशक्तीचे आणि चयापचयाचे असतात, आणि त्यातल्या बऱ्याच आजारांत स्वतःच्या नव्हे, दुसऱ्याच्या पेशी लागतात.

बाळाला जाऊ देणं

जन्माच्या क्षणी बाळाच्या एकूण रक्तापैकी सुमारे एक तृतीयांश वारेत आणि नाळेत असतं. नाळेला लगेच चिमटा लावला तर ते तिथेच राहतं. एक मिनिट थांबलं तर साधारण ८० मिली आणि तीन मिनिटं थांबलं तर १०० मिलीच्या आसपास रक्त बाळाकडे जातं. जागतिक आरोग्य संघटना एक ते तीन मिनिटं थांबायला सांगते. त्या रक्तातल्या लोहावर बाळाचे पहिले काही महिने निघतात. पाहणीत भारतातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ६७ टक्के रक्तक्षयी आढळली आहेत, तेव्हा ही छोटी गोष्ट नाही.

कृती सोपी आहे: बाळ आईच्या पोटावर ठेवायचं, कोरडं करायचं, उबदार झाकायचं आणि नाळेचं ठोकणं मंदावेपर्यंत थांबायचं. आईचा रक्तस्राव त्याने वाढत नाही. कावीळ होऊन निळ्या प्रकाशाखाली ठेवावी लागणारी बाळं किंचित जास्त असतात, म्हणून तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाळाचा रंग दाखवून घ्यावा. बाळ रडलं नाही, श्वास घेईना, तर थांबायचं नाही. नाळ कापून बाळाला डॉक्टरांच्या हातात द्यायचं.

यात आणि साठवण्यात सरळ ओढाताण आहे. तीन मिनिटं थांबल्यावर पिशवीत जे उरतं ते बहुतेक वेळा कामापुरतं नसतं. ‘दोन्ही करून देतो’ असं कुणी म्हणालं तर किती सेकंद थांबणार आणि किमान किती मिली गोळा झालं तर नमुना स्वीकारणार, हे दोन आकडे लेखी मागावेत.

खासगी बँक: फक्त आपल्या बाळासाठी

वार पडण्याआधी किंवा पडल्यावर नाळेच्या शिरेत सुई घालून रक्त गोठणरोधक द्रव असलेल्या पिशवीत उतरवतात. आईच्या रक्ताच्या एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस वगैरे चाचण्या होतात. पिशवी १८ ते २८ अंश तापमानात, उशिरात उशिरा ७२ तासांत प्रयोगशाळेत पोहोचावी लागते. जितका उशीर तितक्या जिवंत पेशी कमी. मग पेशी वेगळ्या करून, डीएमएसओ (गोठताना पेशी मरू नयेत म्हणून घालायचं रसायन) घालून, हळूहळू गोठवून द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर ठेवतात.

कोकणात पहिला पेच इथेच पडतो. बाळंतपण माहेरी, मालवणात किंवा गुहागरात. नोंदणी मात्र पुण्या-मुंबईच्या पत्त्यावर. किट सासरच्या कपाटात राहतं. कळा रात्री सुरू होतात आणि नमुना न्यायला येणारा माणूस कोल्हापूरहून किंवा पणजीहून निघतो. पावसाळ्यात घाटात दरड आली, परशुराम घाट बंद झाला किंवा गणपतीच्या दिवसांत महामार्ग तुंबला, तर ७२ तास दिसतात तेवढे मोठे राहत नाहीत. मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेलं किट २८ अंशांच्या कितीतरी वर जातं, आणि बर्फावर ठेवलं तरी नमुना बिघडतो.

दुसरा पेच मात्रेचा. नाळेच्या रक्ताने प्रत्यारोपण, म्हणजे रुग्णाच्या अंगात या पेशी रुजवणं, करायचं तर रुग्णाच्या दर किलो वजनामागे किमान अडीच कोटी केंद्रकयुक्त पेशी लागतात. २० किलोच्या मुलाला ५० कोटी, ६० किलोच्या माणसाला १५० कोटी. एका पिशवीत इतक्या पेशी क्वचितच असतात, म्हणजे ‘आयुष्यभर’ हा शब्द तिथेच लंगडा पडतो.

तिसरा पेच सर्वांत मोठा. थॅलेसेमिया किंवा सिकलसेलसारखा आनुवंशिक आजार असेल तर नाळेच्या पेशींतही तोच दोष असतो. रोगट झाडाचीच काडी बांधून निरोगी कलम निघत नाही, तसंच हे. लहानपणीच्या रक्ताच्या कर्करोगातही बिघाडाची सुरुवात कित्येकदा जन्माआधीच झालेली असते, म्हणून डॉक्टर स्वतःचं साठवलेलं रक्त टाळतात. आपल्याच नाळेचं रक्त वयाच्या पहिल्या वीस वर्षांत कामी येण्याची शक्यता २,५०० मध्ये एक ते दोन लाखांत एक अशी मानली जाते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही स्वतःपुरत्या साठवणुकीला शास्त्रीय आधार नसल्याचं म्हटलं आहे. त्याच तत्त्वांप्रमाणे परवानगी आहे ती फक्त नाळेच्या रक्तासाठी. नाळेचा तुकडा, दात, चरबी किंवा मासिक पाळीचं रक्त ‘भविष्यासाठी’ साठवण्याचं पॅकेज कुणी गळ्यात मारत असेल तर उठून यावं.

तरीही घरच्यांनी साठवायचं ठरवलंच, तर सहीआधी बँकेचा २८-एफ परवाना (नाळेचं रक्त साठवण्याचा सरकारी परवाना) पाहावा. साठवल्यानंतरच्या अहवालात एकूण मिली, केंद्रकयुक्त पेशींची संख्या, सीडी-३४ पेशींची (म्हणजे रक्त बनवणाऱ्या मूलपेशींची) संख्या, जिवंत पेशींची टक्केवारी (८५ च्या वर हवी) आणि जंतुसंसर्गाची तपासणी, हे पाचही आकडे असायला हवेत. नुसतं प्रमाणपत्र आलं तर आकडे मागून घ्यावेत. पेशी कमी भरल्या किंवा जंतू निघाले तर पैसे परत मिळतात का, हे करारात बघावं. बऱ्याचदा तसा नमुनाही ‘तुमच्या संमतीने’ ठेवतात आणि वार्षिक शुल्क चालू राहतं.

सामायिक साठा आणि दान

काही बँका सभासदांचे नमुने एकत्र धरतात आणि जुळेल तो सभासदाला देतात. स्वतःपुरत्या साठवणुकीपेक्षा ही कल्पना बरी, कारण जुळणारा परका नमुना स्वतःच्या नमुन्यापेक्षा जास्त वेळा उपयोगी पडतो. पण मात्रेची अडचण तीच राहते, आणि सभासद नसलेल्याला वाटा नाही. सार्वजनिक बँकेत दान करायला पैसे लागत नाहीत आणि घरात रुग्ण नसताना साठवायचंच तर ते वैद्यकीयदृष्ट्या सर्वांत योग्य. फक्त अशी सोय देशातच थोडी आहे आणि कोकणातल्या तालुक्याच्या प्रसूतिगृहातून ती सहसा मिळत नाही.

आजारी भावंडासाठी: इथे साठवावं

घरात आधीच्या मुलाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे त्या आजाराचा गंभीर प्रकार, असेल, दर दोन ते चार आठवड्यांनी त्याला रक्त चढवावं लागत असेल आणि आई पुन्हा गरोदर असेल, तर हिशेबच बदलतो. सख्ख्या भावंडाचा एचएलए, म्हणजे पेशींवरची आनुवंशिक ओळखखूण, पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. बाळाला स्वतः मेजर नसण्याची शक्यता चारात तीन. दोन्ही एकदम जमण्याची शक्यता सोळात तीन, म्हणजे १९ टक्क्यांच्या आत-बाहेर. १९८८ साली पॅरिसमध्ये नाळेच्या रक्ताचं पहिलं प्रत्यारोपण झालं तेही असंच, फॅन्कोनी अ‍ॅनिमिया हा अस्थिमज्जेचा आनुवंशिक आजार असलेल्या मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतून.

इथे बँकेच्या विक्रेत्याशी नाही, रक्तविकारतज्ज्ञाशी बोलायचं, आणि ११ व्या आठवड्याआधी, म्हणजे वारेचा नमुना घेऊन गर्भाला आजार आहे का ते कळू शकतं. साठवलेलं रक्त कमी भरलं तरी वाया जात नाही: धाकटं मूल वर्ष-दोन वर्षांचं झालं की त्याची अस्थिमज्जा घेऊन दोन्ही एकत्र देता येतात. थोरल्याच्या यकृतात लोह साचण्याआधी, लहान वयात केलेल्या प्रत्यारोपणाचे निकाल सर्वांत चांगले असतात. जुळणारं भावंड असेल तर कोल इंडियाच्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून दहा लाखांपर्यंत मदत मिळू शकते. बोरिवलीला महापालिकेचं मुलांच्या थॅलेसेमियासाठी केंद्र आहे.

ही वेळच येऊ नये यासाठीची तपासणी साठवणुकीच्या रकमेपुढे अगदी स्वस्त आहे. आईची एचबीए-२ तपासणी (थॅलेसेमियाचे वाहक ओळखणारी रक्ततपासणी) पहिल्या तिमाहीत करावी; ३.५ टक्क्यांच्या वर असेल तर नवऱ्याचीही. दोघेही वाहक निघाले तर प्रत्येक गरोदरपणात मेजरची शक्यता चारात एक. नात्यात किंवा एकाच भावकीच्या गावांत सोयरीक होत असेल तर ही तपासणी लग्नाआधीच करून घेतलेली बरी.

गरज पडलीच तर पेशी कुठून आणायच्या

| | अस्थिमज्जा | फिरतं रक्त | नाळेचं रक्त |
|---|---|---|---|
| कसं घेतात | भूल देऊन कमरेच्या हाडातून, दात्याच्या दर किलोमागे १० ते २० मिली | ४-५ दिवस जी-सीएसएफ (मूलपेशी मज्जेतून रक्तात आणणारी) इंजेक्शनं, मग मशीनवर ४ ते ६ तास | जन्मानंतर नाळेतून |
| पेशी रुजायला | साधारण तीन आठवडे | साधारण दोन आठवडे | बहुधा तीन आठवड्यांहून जास्त |
| मुख्य अडचण | दात्याला काही दिवस कंबरदुखी | दात्याच्या पेशी रुग्णावर उलटण्याचा दीर्घ त्रास जास्त | पेशी कमी, पुन्हा मागता येत नाहीत |

थॅलेसेमियासारख्या कर्करोग नसलेल्या आजारात अस्थिमज्जेला पहिली पसंती. भारतात पहिलं बोनमॅरो प्रत्यारोपण १९८३ साली टाटा मेमोरियलमध्ये झालं. आता टाटाची प्रत्यारोपणं खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये होतात, म्हणजे कोकण रेल्वेने पनवेलला उतरायचं. पहिले शंभर दिवस रुग्णालयाच्या जवळ राहावं लागतं, तेव्हा खोलीच्या भाड्याची तजवीज उपचाराइतकीच आधी करावी. आणि गावी परतायचं ते शक्यतो पाऊस सरल्यावर: ओल धरलेल्या भिंती, पेंढा, गोठा आणि सारवण यांतली बुरशी प्रतिकारशक्ती नसलेल्या फुप्फुसात पटकन बसते. विहिरीचं पाणी उकळूनच.

भावंड जुळलं नाही तर आई-वडिलांच्या अर्ध्या जुळणाऱ्या पेशी किंवा नोंदणीकृत दाता हे मार्ग आहेत. एचएलए समाजागणिक वेगळा असतो, त्यामुळे भंडारी, कुणबी, गाबीत किंवा दालदी घरातल्या रुग्णाला जुळणारा माणूस त्याच समाजात सापडण्याची शक्यता जास्त. आपल्याकडच्या तरुणांनी ‘दात्री’सारख्या नोंदणीत गालाच्या आतला कापसाचा नमुना दिला तर गावच्याच एखाद्या मुलाला त्याचा उपयोग होईल.

गुडघा, ऑटिझम आणि डोळा

ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मधुमेह यांवर मूलपेशींचं इंजेक्शन देणाऱ्यांना ते कुठल्या चाचणीच्या आधारावर देतात ते विचारा. मान्यताप्राप्त चाचणीत सहभागी रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. गुडघ्यासाठी औषध नियंत्रकाची परवानगी मिळालेलं तयार उत्पादन वेगळं, आणि दवाखान्यात पोटाची चरबी काढून तासाभरात सांध्यात टोचणं वेगळं.

डोळ्याचं मात्र खरं आहे. चुन्याची पुडी दाबून मुलाच्या डोळ्यात चुना उडाला तर बुबुळाच्या कडेच्या मूलपेशी मरतात आणि पांढरा पडदा चढतो. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत विकसित झालेल्या पद्धतीत चांगल्या डोळ्याच्या कडेचा दोन मिलिमीटरचा तुकडा घेऊन त्याचे बारीक कण करतात आणि जखमी बुबुळावर बसवलेल्या वारेच्या पातळ पापुद्र्यावर ते चिकटवतात. तिथपर्यंत जाण्याआधी, त्याच जागी, पापणी उलटून चुन्याचे कण काढत स्वच्छ पाण्याने अर्धा तास डोळा धूत राहायचं आणि मगच गाडी काढायची.