तालुक्याच्या अभ्यासिकेतील पुस्तिका : साम्यवादी राज्यातील पंतप्रधान

दारव्हा तालुक्यातील एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या मुलांना मिळणारी ही झेरॉक्स पुस्तिका साम्यवादी राज्यातील शासनप्रमुखाचे स्थान बऱ्यापैकी नेमके सांगते. कारभार पंतप्रधान हाकतो, परंतु धोरण पक्षाच्या पॉलिटब्युरोत, म्हणजे सर्वोच्च समितीत, ठरते, हे सूत्र सोव्हिएत उदाहरणाने उत्तम उलगडले आहे : १९६४ मध्ये ख्रुश्चेव्ह यांच्याकडील पक्षप्रमुख आणि पंतप्रधान ही दोन्ही पदे काढून घेतल्यावर पक्ष ब्रेझनेव्ह यांच्याकडे आणि मंत्रिपरिषद कोसिगिन यांच्याकडे गेली, १९६५ च्या आर्थिक सुधारणा कोसिगिन यांनी मांडल्या खऱ्या, पण पक्षाचे पाठबळ ओसरल्यावर त्या बारगळल्या.

चीनचे प्रकरण मात्र उरकलेले वाटते. चौ एन-लाय १९४९ ते १९७६ पंतप्रधान होते, एवढ्यावरच ते थांबते. राष्ट्राध्यक्ष पंतप्रधानाचे नाव सुचवतात आणि राष्ट्रीय लोक काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, त्यावर शिक्कामोर्तब करते, ही मूळ प्रक्रियाच गाळली आहे. क्युबाने १९७६ मध्ये रद्द केलेले पंतप्रधानपद २०१९ मध्ये पुन्हा आणले, ही रंजक बाब तळटीपेत ढकलली असून नेमके तेच पान पुसट आले आहे. तरीही, कापूस वेचून संध्याकाळी अभ्यासिका गाठणाऱ्या मुलांनी पन्नास रुपये खर्चावेत, इतकी ही पुस्तिका निश्चित उपयुक्त आहे; फक्त घेताना पाने चाळून घ्यावीत.