जुनं पीसीआय कार्ड व्हीएममध्ये: व्हीएफआयओचा आयएनटीएक्स सपोर्ट कसा आहे?

माझ्याकडे एक जुनं पीसीआय सीरियल कार्ड आहे. ड्रायव्हर फक्त जुन्या विंडोजचा, आणि बनवणाऱ्यांनी त्याचा नाद कधीच सोडलाय. म्हणून विंडोज व्हीएममध्ये (व्हर्च्युअल मशीन) टाकलं आणि कार्ड पासथ्रू केलं, म्हणजे थेट त्या व्हीएमच्या ताब्यात दिलं: लिनक्स होस्ट (खरं मशीन; आतलं विंडोज म्हणजे गेस्ट), व्हीएम चालवणारे केव्हीएम आणि क्यूएमू, आणि कार्ड गेस्टला सोपवणारा लिनक्सचा भाग व्हीएफआयओ. ग्राफिक्स कार्डांच्या पासथ्रूवर ढीगभर लिहिलेलं सापडतं. एमएसआय (इंटरप्ट, म्हणजे ‘इकडे बघा’ ही कार्डाची हाक, देण्याची नवी पद्धत) न येणाऱ्या कार्डाला मात्र कोणी विचारत नाही.

अडचण काय, तर एमएसआयमध्ये कार्ड मेमरीत एक राइट करतं आणि मोकळं होतं. आयएनटीएक्स ही जुनी, तारेवरून (लाइन) हाक देण्याची पद्धत म्हणजे बेलवर बोट दाबून ठेवलेला पाहुणा. दार उघडेपर्यंत तो बोट काढत नाही. त्यात ही लाइन इतर डिव्हाइसेसबरोबर शेअर होते. आता दार उघडणारा ड्रायव्हर बसलाय गेस्टमध्ये, आणि बेल वाजतेय होस्टवर. होस्टने काहीच केलं नाही तर तो इंटरप्टच्या पुरात बुडणार. मग कर्नल ‘नोबडी केअर्ड’ म्हणत लाइनच बंद करून टाकतं, आणि त्याच लाइनवरचा बिचारा यूएसबी कंट्रोलरही रखडतो.

व्हीएफआयओ (2012 पासून, लिनक्स 3.6 मध्ये आला) यावर जे करतो ते मला मनापासून आवडलं. इंटरप्ट आला की आधी कार्डाचं तोंड बंद, मग गेस्टला निरोप, आणि गेस्टने ‘झालं’ म्हटलं की पुन्हा चालू. तोंड बंद करायला पीसीआय 2.3 मध्ये आलेली इंटरप्ट डिसेबल बिट लागते. कार्डात ती खरंच आहे का, हे व्हीएफआयओ बिट फिरवून स्वतः तपासतो.

माझ्या कार्डात नाही. अशा वेळी अख्खी लाइनच मास्क (तात्पुरती बंद) करावी लागते, म्हणजे ती फक्त आपल्या कार्डाची हवी. पहिल्यांदा व्हीएम सुरू करताना ‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’ एवढंच आलं. लाइनवर आधीपासून कोण बसलंय ते सांगायची तसदी नाही! ‘प्रॉक’मधली इंटरप्टची यादी उघडल्यावर तोच यूएसबी कंट्रोलर दिसला. कार्ड शेजारच्या स्लॉटमध्ये हलवलं (स्लॉटागणिक पिन फिरवून जोडलेल्या असतात), लाइन बदलली, आणि यादीत ‘व्हीएफआयओ-आयएनटीएक्स’ एकटाच दिसायला लागला. तेव्हापासून कार्ड मुकाट चालतंय.

वेग? केव्हीएमचा शॉर्टकट (इंटरप्ट क्यूएमूला वगळून गेस्टला पोचवणारा) मिळाला तर ठीक. तो मुद्दाम बंद करूनही पाहिला. मग क्यूएमू एक भन्नाट जुगाड करतो: इंटरप्ट आला की कार्डाच्या रजिस्टरांचा (ड्रायव्हर कार्डाशी जिथे बोलतो त्या जागा) थेट रस्ता काढून घेतो, म्हणजे गेस्टने त्यांना हात लावला की क्यूएमूला कळतं. असा हात लागला की इंटरप्टची दखल घेतली गेली असं धरायचं. थेट रस्ता परत मिळतो तो 1100 मिलिसेकंद शांततेत गेल्यावर. डोकं लावलंय, पण प्रत्येक रजिस्टर वाचनाला वळसा पडतो. सीरियल पोर्टला काही फरक पडला नाही. तुमच्या कार्डाला एमएसआय येत असेल आणि विंडोज तरीही लाइनच वापरत असेल (ग्राफिक्स कार्डाच्या एचडीएमआय ऑडिओत हे हमखास दिसतं, आवाज करकरतो), तर विंडोजच्या रजिस्ट्रीत एमएसआय चालू करा आणि हा सगळा भाग विसरून जा.

तुलनेला मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीचं डीडीए (त्यांची पासथ्रूची सोय): तिथे लाइनवाल्या इंटरप्टला थेट नकार. निदान त्यांची तपासणी स्क्रिप्ट ते स्वच्छ सांगते.

माझं मत: जुनं सीरियल किंवा मोजमापाचं कार्ड असेल तर बिनधास्त घ्या, पाचपैकी चार. एक गुण त्या मुक्या ‘बिझी’ने घालवला. भरपूर ट्रॅफिकचं नेटवर्क कार्ड असेल आणि एमएसआय नसेल, तर पासथ्रूचा हट्ट सोडून व्हर्टआयओ (व्हीएमसाठीच बनवलेलं आभासी कार्ड) लावा.