आठ महिने ‘आयपी’ कमांड: वापरानंतरचा अनुभव

नवीन सर्व्हरच्या कन्सोलवर लॉगिन केलं, सवयीने ‘इफकॉन्फिग’ (लिनक्सवर नेटवर्कची माहिती दाखवणारी जुनी कमांड) मारलं आणि ‘कमांड नॉट फाउंड’ आलं. डेबियन या लिनक्स वितरणाने ९ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, ‘इफकॉन्फिग’ ज्यात येतं ते ‘नेट-टूल्स’ हे पॅकेज आपणहून बसवणं सोडून दिलंय. एरवी मशीन हातात आलं की मी पहिल्यांदा ते टाकून घ्यायचो, म्हणून कधी अडलं नव्हतं. त्या दिवशी अडलं. पॅकेज उतरवायला नेटवर्क हवं, आणि नेटवर्क का नाही हे बघायला पॅकेज हवं! ‘आयपी’ (तेच काम करणारी दुसरी कमांड) मात्र त्या मशीनवर होतं. तेव्हापासून आठ महिने रोज तेच वापरतोय आणि जुनी कमांड एकदाही परत बसवलेली नाही.

तसं हे नवं हत्यार नव्हे. ‘इफकॉन्फिग’ १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीतून आलेलं. ‘आयपी’ ज्या ‘आयपीरूट२’ पॅकेजमध्ये मिळतं ते मुळात अलेक्सेई कुझनेत्सोव यांनी लिहिलं आणि १९९९ सालच्या लिनक्स कर्नल (सिस्टमचा गाभा) २.२ च्या काळापासून ते आहे.

पहिले दोन आठवडे ‘आयपी ए’चं आउटपुट बघून डोळे शिणले. मला हवा असायचा एक पत्ता, आणि समोर एकेका इंटरफेसच्या (नेटवर्कच्या जोडणीच्या) चार-चार, पाच-पाच ओळी. मग ‘आयपी -बीआर ए’ सापडलं. बीआर म्हणजे ब्रीफ. एका इंटरफेसला एकच ओळ: नाव, स्थिती, पत्ते. सोबत ‘-सी’ दिलं की रंगही येतात. दिवसभरातली बरीचशी कामं एवढ्यावर भागतात. मात्र लूपबॅकपुढे (मशीनचा स्वतःशीच बोलायचा इंटरफेस) ‘अननोन’ दिसतं, त्याने घाबरायचं नाही. तिथे केबल नसते, त्यामुळे कर्नलकडे सांगण्यासारखी स्थितीच नसते.

लांबलचक आउटपुट वाचायला शिकलो ते एका केबलमुळे. एका मशीनचं नेटवर्क गेलं होतं आणि इंटरफेसच्या ओळीत कोनी कंसात लिहिलेलं होतं: नो-कॅरियर, ब्रॉडकास्ट, मल्टिकास्ट, अप. त्याच ओळीत पुढे ‘स्टेट डाउन’. एकाच ओळीत अपही आणि डाउनही, म्हणजे काय समजायचं? कंसातलं ‘अप’ म्हणजे आपण, म्हणजे ॲडमिनने, इंटरफेस चालू करून ठेवलाय. त्याच्यासोबत ‘लोअर-अप’ असेल तर खाली तारेवरही सिग्नल आहे. ‘नो-कॅरियर’ असेल तर चालू करून ठेवूनही पलीकडून काही येत नाही. एवढं कळल्यावर सेटिंग्ज चाळायचं सोडलं आणि सरळ केबल बघितली. स्विचच्या बाजूने ती अर्धवट बसली होती. आता कुणी ‘नेट नाही’ म्हणून हाक मारली की मी आधी तो कंस वाचतो, पत्ता नंतर.

मला या कमांडचं सगळ्यात मोठं मोल वाटतं ते इथेच. लिंक वेगळी, पत्ता वेगळा, रूट (पॅकेट जायची वाट) वेगळा, शेजारी (त्याच जाळ्यातली मशीनं) वेगळे, असे तिने भाग पाडून ठेवलेत: ‘आयपी लिंक’, ‘आयपी ॲड्र’, ‘आयपी रूट’, ‘आयपी नेबर’. सुरुवातीला ही विभागणी जाचक वाटते. पण बिघाड नेहमी यातल्या एखाद्याच थरात असतो, आणि वरून खाली एकेक विचारत गेलं की तो हाताशी येतो.

एक प्रसंग सविस्तर सांगतो. एका नव्या मशीनला पत्ता दिला आणि त्याचं वागणं विचित्र झालं. कधी कनेक्शन लागायचं, कधी दुसराच कुणीतरी लॉगिन मागायचा. तिसऱ्या मशीनवर ‘आयपी नेबर’ चालवून बघितलं. ही शेजाऱ्यांची यादी, कोणत्या पत्त्यामागे कोणता मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) आहे ते सांगणारी. त्या नव्या पत्त्याची नोंद काढून टाकून पुन्हा पिंग केलं की दर वेळी त्याच पत्त्यामागे कधी एक मॅक दिसे, कधी दुसरा. दुसरा मॅक एका जुन्या सर्व्हरचा निघाला. त्या सर्व्हरवर ‘इफकॉन्फिग’ होतं आणि ते छातीठोकपणे एकच पत्ता दाखवत होतं, स्वतःचा नेहमीचा. ‘आयपी ए’ मारलं तर खाली दुसरी ओळ, शेवटी ‘सेकंडरी’ असा शब्द, आणि त्यात आमचा वादातला पत्ता. कुणीतरी चाचणीसाठी कधीतरी ‘आयपी ॲड्र ॲड’ने तो टाकला होता, आणि मशीन कित्येक महिने रीबूट झालं नसल्यामुळे तो तसाच राहिला होता.

जुन्या कमांडला तो दिसला नाही याला कारण आहे. ती ‘आयऑक्टल’ या जुन्या वाटेने कर्नलला विचारते आणि त्या वाटेने एका इंटरफेस-नावामागे एकच आयपीव्ही४ पत्ता मिळतो. जास्तीच्या पत्त्याला ‘ईटीएच०:१’ असं वेगळं लेबल दिलेलं असेल तरच तो तिच्या नजरेस पडतो. ‘आयपी’ नेटलिंक या दुसऱ्या वाटेने विचारतं, त्यामुळे कर्नलकडे जेवढे पत्ते असतील तेवढे सगळे समोर येतात. त्या दिवसानंतर दुसऱ्या कुठल्या आउटपुटवर विसंबून मी पत्ता मोकळा आहे असं म्हणत नाही.

शेजाऱ्यांच्या यादीत ‘स्टेल’ हा शब्द सारखा दिसतो आणि नवे लोक त्याला दोष समजतात. तसं नाही. मधल्या काळात त्या नोंदीची खात्री करून घेतलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. पुढच्या वापराच्या वेळी कर्नल ती करून घेतं. चिंता करायची ती ‘फेल्ड’ची. गेटवेपुढेच (बाहेर जायच्या दारापुढेच) ‘फेल्ड’ असेल तर इंटरनेट, डीएनएस (नावावरून पत्ता शोधणं) वगैरे काही तपासत बसू नका, अडचण आपल्याच जाळ्यात आहे.

‘आयपी रूट गेट’ हे माझं आवडतं. पुढे एखादा पत्ता लिहायचा, समजा ८.८.८.८, आणि तिकडे जाणारं पॅकेट कोणत्या गेटवेने, कोणत्या इंटरफेसमधून, कोणता सोर्स पत्ता घेऊन निघेल ते कर्नल सांगतं. पॅकेट प्रत्यक्ष जात नाही, नुसता निर्णय कळतो. व्हीपीएन (वाहतूक नेणारा खासगी बोगदा) चालू असताना याची खरी किंमत कळली. साध्या ‘आयपी रूट’मध्ये डिफॉल्ट रूट वाय-फायवरूनच दिसत होता, म्हणून व्हीपीएन लागलंच नाही असं मला वाटलं. ‘रूट गेट’ने मात्र ‘डब्ल्यूजी०’चं, म्हणजे व्हीपीएनच्या इंटरफेसचं, नाव घेतलं. वायरगार्ड या व्हीपीएनची ‘डब्ल्यूजी-क्विक’ स्क्रिप्ट सगळी वाहतूक बोगद्यातून न्यायची असेल तेव्हा आपले रूट ५१८२० क्रमांकाच्या वेगळ्या टेबलमध्ये ठेवते आणि नियम लावून वाहतूक तिकडे वळवते. साधं ‘आयपी रूट’ फक्त मुख्य टेबल दाखवतं. नियम बघायला ‘आयपी रूल’, आणि सगळी टेबलं बघायला ‘आयपी रूट शो टेबल ऑल’.

आता तक्रारी, आणि त्या गंभीर आहेत.

पत्ता टाकताना मागे ‘/२४’ (जाळ्याचा आकार सांगणारा भाग) लिहायचं राहिलं तर ‘आयपी’ काही बोलत नाही, मुकाट्याने ‘/३२’, म्हणजे एकटाच पत्ता, धरतं. पत्ता यादीत दिसतो, सगळं ठीक वाटतं, आणि शेजारच्या मशीनशी बोलणं होत नाही, कारण त्या जाळ्याचा रूट तयारच झालेला नसतो. एक इशारा छापला असता तर कितीतरी लोकांची संध्याकाळ वाचली असती. दुसरं, इथे केलेले बदल रीबूटनंतर टिकत नाहीत. टिकवायचं काम नेटवर्कमॅनेजर किंवा सिस्टमडी-नेटवर्कडीसारख्यांचं. हे तत्त्व मला पटतं, पण वर सांगितलेल्या ‘सेकंडरी’ पत्त्यासारखे घोळ त्यातूनच होतात.

सगळ्यात धोक्याचं म्हणजे पत्ता काढणं. एकाच सबनेटमधले (जाळ्याच्या एकाच तुकड्यातले) तीन पत्ते असतील आणि पहिला, म्हणजे प्रायमरी, काढला, तर उरलेले दोन्ही त्याच्यासोबत जातात. ‘प्रमोट-सेकंडरीज’ ही कर्नलची सेटिंग चालू असेल तर त्यातला एक वर सरकतो आणि बाकीचे वाचतात. सिस्टमडी (मशीन सुरू करून सेवा चालवणारी व्यवस्था) ती सहसा चालू ठेवतं, पण प्रत्येक मशीनवर ती तशीच असेल असं गृहीत धरू नका. आणि एसएसएचवरून (दुरून लॉगिन करून) आत असताना ‘आयपी ॲड्र फ्लश’ कधीच नको. ती विचारत नाही. पत्ते पुसते आणि तुमचं सेशन तिथेच लटकतं.

केबलचा वेग किती ठरला, फुल डुप्लेक्स (एकाच वेळी दोन्ही दिशांनी वाहतूक) आहे का, हे ‘आयपी’ सांगत नाही. त्यासाठी ‘ईथटूल’ लागतं. डीएनएसही तिच्या कक्षेत नाही. मॅन पेज (कमांडची माहितीपुस्तिका) वेगवेगळ्या पानांत विभागलंय, तेही कुणी सांगितल्याशिवाय लक्षात येत नाही.

आयपीव्ही६बद्दल (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) थोडंसं. एकाच इंटरफेसवर तीन-चार पत्ते बघून गोंधळू नका. ‘एफई८०’ने सुरू होणारा लिंकपुरता असतो. ‘टेम्पररी’ लिहिलेले गोपनीयतेसाठी मधूनमधून बदलतात. शेवटच्या ओळीतलं ‘प्रिफर्ड-एलएफटी’ सेकंदांत मोजलेलं असतं. ते शून्यावर आलं की पत्ता ‘डेप्रिकेटेड’ होतो, जुनी कनेक्शनं चालू राहतात पण नव्यांसाठी तो सहसा वापरला जात नाही. फायरवॉलमध्ये माझा असाच टेम्पररी पत्ता परवानगीच्या यादीत घातला होता आणि दुसऱ्या दिवशी दार बंद झालं.

गेल्या आठवड्यापासून ‘आयपी -टी मॉनिटर’ वापरायला लागलोय. ते चालू ठेवलं की लिंक, पत्ता, रूट, शेजारी यांत होणारा प्रत्येक बदल वेळेसह समोर छापला जातो. एका मशीनचं नेटवर्क दिवसातून दोन-तीनदा काही सेकंद जातं आणि परत येतं, म्हणून ते त्यावर रात्रभर सोडलं होतं. माझा संशय डीएचसीपीवर (आपोआप पत्ता देणाऱ्या सेवेवर) होता. सकाळी नोंदी वाचल्या तर दर वेळी आधी ‘नो-कॅरियर’ येतं, पत्ता त्यानंतर काही सेकंदांनी काढला जातो. म्हणजे डीएचसीपीचा यात हात नाही. केबल काल बदलली, तरी आज पहाटे पुन्हा तेच झालं. आता स्विचचा पोर्ट बदलून बघतोय.