स्टील फ्रेमची टूरिंग सायकल : सात महिने आणि 3,100 किलोमीटरनंतर

बारा दिवसांची सलग सफर करायचं ठरलं तेव्हा माझ्याकडे रोड सायकल होती. तिला कॅरिअर लावायची सोयच नव्हती, म्हणून ही घेतली. क्रोमोली (क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेल्या) स्टीलची फ्रेम, 36 तारांची चाकं, 35 मिमीचे टायर, पुढे पेडलपाशी तीन चकत्या (48, 36 आणि 26 दात्यांच्या) आणि मागे 11 ते 34 दात्यांची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच. मागच्या कॅरिअरसकट वजन 15 किलो. आजवरचे जवळजवळ सगळे किलोमीटर शनिवार-रविवारच्या राइडचे आहेत. शनिवारी जायचं, मुक्काम करायचा, रविवारी परत यायचं, आणि सामान मात्र मोठ्या सफरीचंच लादायचं.

सगळ्यात जास्त समाधान गिअरनी दिलं. 26/34 वर (पुढे 26 दाते, मागे 34) पेडलच्या एका फेऱ्यात सायकल जेमतेम 1.65 मीटर पुढे जाते. जुन्या सायकलचा सर्वांत हलका गिअर 34/28 होता, त्यात हेच अंतर अडीच मीटर व्हायचं. कागदावर हा फरक किरकोळ वाटला होता. पण मिनिटाला 60 फेरे धरले तर एकीकडे ताशी 6 किलोमीटर आणि दुसरीकडे 9. मी, सायकल आणि सामान मिळून आमचं वजन होतं 100 किलो. तेवढं वजन 8 टक्क्यांच्या चढावर ताशी 9 ने न्यायला नुसत्या चढासाठीच 200 वॅटच्या आसपास ताकद लागते. ताशी 6 ला 130 पुरतात. 200 वॅट मी वीस मिनिटं काढू शकतो, तासभर नाही. जुन्या सायकलवर लांब चढानंतर गुडघ्याच्या वाटीखाली दुखायचं, ते इथे बंद झालं. टूरिंगसाठी सायकल बघत असाल तर फ्रेम आणि रंग नंतर बघा, आधी सगळ्यात छोटी चकती आणि मागची सगळ्यात मोठी चकती (कॉग) किती दात्यांचं आहेत ते मोजा.

दुसरी गोष्ट सायकलची कमी आणि नियोजनाची जास्त आहे, पण ती मला या राइडमधूनच कळली. एका शनिवारी 80 किलोमीटरला पाच तास वीस मिनिटं लागली. रविवारी तोच रस्ता उलट दिशेने, वाराही नव्हता, तरी सव्वासहा तास. पुढच्या तीन-चार वेळांनाही असंच झालं. शनिवारी पाय ताजे असतात, त्यामुळे शनिवारच्या आकड्यांवर सफर बेतायची नाही. माझ्या आराखड्यात रोज 90 किलोमीटर होते. आता 70 धरलेत, आणि चौथ्या दिवशी फक्त 40.

सामानाचंही तसंच. पहिल्या राइडला दोन्ही पॅनिअरमध्ये (कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पिशव्यांमध्ये) मिळून 17 किलो भरले होते. घरी परतल्यावर ज्या वस्तूंना हातही लागला नव्हता त्या वेगळ्या काढल्या, त्याच साडेतीन किलो भरल्या. शिवाय सगळं वजन मागे असल्यामुळे चढावर पुढचं चाक हलकं होऊन भरकटायचं आणि उतारावर ताशी 45 च्या पुढे हँडल थरथरायचं. ते थरथरणं भीतिदायक होतं. पुढे खालच्या बाजूला छोटं कॅरिअर लावून पाच किलो तिकडे हलवले, तेव्हा थांबलं. वळताना हँडल जरा जड लागतं, त्याची सवय अर्ध्या दिवसात होते. पेडलच्या अक्षापासून मागच्या चाकाच्या अक्षापर्यंतची नळी 450 मिमी लांब आहे, त्यामुळे टाच पॅनिअरला घासत नाही.

आता तक्रारी. दुसऱ्याच महिन्यात मागच्या कॅरिअरचा एक बोल्ट सैल होऊन रस्त्यात गळून पडला. सायकल जोडून देणाऱ्याने आट्यांना लॉकिंगचं द्रव लावलं नव्हतं. मी बाटलीच्या स्टँडचा बोल्ट काढून तिथे लावला (दोन्ही एम5 मापाचे असतात, हे लक्षात ठेवा) आणि घरी पोचलो. तेव्हापासून रोज निघण्याआधी 4 मिमीची ॲलन की सगळ्या बोल्टवरून फिरवतो.

साधारण 1,900 किलोमीटरला मागच्या चाकाची एक तार तुटली, तीही चेनच्या बाजूची. मागे कॅसेटला जागा द्यावी लागते म्हणून त्या बाजूच्या तारांना ताण जास्त असतो. कॅसेट उतरवल्याशिवाय ती तार बदलता येत नाही. 36 तारांचं चाक असल्याने ब्रेक थोडे सैल करून, हळूहळू का होईना, चालवत घरी आणता आलं. नंतर सगळ्या तारांचा ताण हाताने सारखा करून घेतला, त्यानंतर एकही तुटलेली नाही. हे नवी सायकल आणल्यावर लगेच करायला हवं होतं.

सोबत आलेली सीट मऊ होती, दोन तासांत त्रास द्यायची. कडक आणि थोडी रुंद घेतली, प्रश्न मिटला. गुंडाळून बंद होणाऱ्या पॅनिअरमध्ये पावसाचा थेंब शिरला नाही, मात्र आत ओले कपडे ठेवले तर तेही वाळत नाहीत. त्यांना वेगळी जाळीची पिशवी हवी. रिकामी चालवताना सायकल सुस्त वाटते आणि जिन्यावरून उचलून नेणं नकोसं होतं.

झिजून चेनची लांबी मोजपट्टीवर 0.5 टक्क्याने वाढलेली दिसते. नवी चेन सफरीला निघण्याच्या आदल्या दिवशी न चढवता दोन शनिवार-रविवार आधीच चढवणार आहे. वापरलेल्या कॅसेटवर ती चढाला घसरत असेल तर ते घराजवळच कळेल.