आयबीएमचा फुकटातला क्वांटम कॉम्प्युटर वापरून बघितला

मित्र म्हणाला लॅपटॉपवर सिम्युलेटर (क्वांटम मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम) आहे ना, मग खरं मशीन कशाला पाहिजे. खरं सांगायचं तर दोन-चार क्यूबिटचं (क्यूबिट म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरचा बिट, 0 आणि 1 च्या मिश्रणात राहू शकणारा) उत्तर सिम्युलेटरच जास्त बरोबर देतो 😄 पण मला बघायचं होतं की खरं मशीन चुकतं म्हणजे नक्की कसं चुकतं.

2016 ला आयबीएमनं 5 क्यूबिटचं मशीन क्लाउडवर टाकलं तेव्हा बातमी वाचून सोडून दिलेली. आता ओपन प्लॅनमध्ये 28 दिवसांत 10 मिनिटं फुकट मिळतात, तीही शंभराच्या वर क्यूबिट असलेल्या मशीनवर. 10 मिनिटं ऐकून हसू नका, ती मशीन प्रत्यक्ष चालतं तेवढीच मोजतात, रांगेतला वेळ त्यात धरत नाहीत, आणि छोटं सर्किट (क्यूबिटवर एकामागून एक लावलेली गेट, म्हणजे क्रिया) काही सेकंदात उरकतं. मी बघितलं तेव्हा विकतचा रेट मिनिटाला 96 डॉलर होता, त्या हिशोबानं फुकटचा माल बराच महाग आहे.

सुरुवात सगळे करतात तीच, दोन क्यूबिट एंटँगल केले, म्हणजे असे जोडले की दोघांचं उत्तर सारखंच यावं. उत्तर 00 नाहीतर 11 यायला पाहिजे, 01 आणि 10 येताच कामा नयेत. आले! थोडेच, पण आले. मग म्हटलं सर्किट लांबवून बघू, सीनॉट गेट जोडीजोडीनं लावत गेलो (पहिला क्यूबिट 1 असेल तर हे गेट दुसरा उलटवतं, दोनदा लावलं की परत जैसे थे), तर उत्तर काही बिघडेना. अर्धा तास डोकं खाजवल्यावर कळलं की क्विस्किटचा (आयबीएमचं पायथनमधलं सॉफ्टवेअर) ट्रान्सपायलर, म्हणजे सर्किट मशीनला चालेल असं करून देणारा भाग, त्या जोड्या मशीनवर जायच्या आधीच काटून टाकतोय, गाढवपणा माझाच. मध्ये बॅरियर (इथे काटछाट करू नको अशी खूण) टाकले आणि मग बघा, जोड्या वाढवत गेलो तसा नुसता कचरा.

हे हातानं केल्यावर बातम्या वेगळ्याच दिसायला लागतात. 2023 च्या डिसेंबरला आयबीएमनं 1121 क्यूबिटची कॉन्डॉर चिप दाखवली आणि सोबत 133 ची हेरॉन, आणि नवीन सिस्टिममध्ये बसवली हेरॉन, कारण ती चुका कमी करते. आकड्याला भुलायचं नाही. गूगलच्या विलो चिपमध्ये पण 105 क्यूबिटपेक्षा मोठी गोष्ट ही की एरर करेक्शनची (बरेच क्यूबिट मिळून चुका पकडून दुरुस्त करायची) जाळी 3 बाय 3 वरून 5 बाय 5, मग 7 बाय 7 केली तशी चूक दर वेळी साधारण निम्मी झाली. आयबीएमचं टार्गेट 2029 पर्यंत 200 लॉजिकल क्यूबिट (बरेच खरे क्यूबिट मिळून बनलेला, चुका दुरुस्त करणारा एक) आहे. तोवर यावर कोणाचा धंदा चालेल असं मला तरी वाटत नाही.

शिकायला मात्र 5 पैकी 4. पायथन येत असेल तर लगेच जमतं, नसेल तर आयबीएमच्या कंपोझरमध्ये स्क्रीनवर गेट ओढून टाकायचे.

आणि हो, आपल्या कुलाब्यात टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्था) पण 6 क्यूबिटचा सुपरकंडक्टिंग प्रोसेसर आहे, डीआरडीओची पुण्याची लॅब आणि टीसीएससोबत केलेला, 2024 ला टेस्ट झाला. त्याचं लॉगिन कधी पब्लिकला दिलं तर रांगेत पहिला मी.