हुसर्लचं ‘कार्टेशियन मेडिटेशन्स’: पाचव्या चिंतनासाठी घ्याच
जर्मन तत्त्वज्ञ एडमंड हुसर्लच्या या पुस्तकामागची मूळ व्याख्यानं पॅरिसची, १९२९ ची; डोरियन केर्न्सचा इंग्रजी अनुवाद १९६० चा, जड पण काटेकोर. आंतरव्यक्तिनिष्ठतेसाठी (म्हणजे इतर जाणिवा आणि आपलं सामाईक जग मला कसं उमगतं, या प्रश्नासाठी) पाचवं चिंतन (परिच्छेद ४२ ते ६२) नीट वाचा. बहुतेक जण ४४ पाशी अडकतात. तिथे इतरांकडून आलेला सगळा अर्थ बाजूला ठेवला जातो, म्हणून हुसर्ल ‘जगात मी एकटाच’ म्हणतोय असं वाटतं. ती फक्त विश्लेषणाची पायरी आहे. खरी कमाल ५०-५१ मध्ये: समोरचा देह माझ्या देहाशी जोडीनं जाणवतो, त्याचं मन मात्र थेट मिळत नाही. घराची न दिसणारी मागची बाजू निदान फिरून बघता येते. दुसऱ्याच्या मनाची बाजू कधीच नाही. किती नेमकं! समाजाचा तत्त्वज्ञ आल्फ्रेड शुट्झ याची या चिंतनावरची टीका यानंतरच घ्या.