आई-बाळ सुखरूप, तरीही तक्रार: बारदेशातील एका प्रसूतिगृहाच्या सेवेविषयी

गोव्याच्या बारदेश तालुक्यातील एका खाजगी प्रसूतिगृहात माझ्या भाचीचे पहिले बाळंतपण नुकतेच झाले. तिची आई हयात नसल्यामुळे नाव नोंदवण्यापासून घरी परतण्यापर्यंत मीच तिच्यासोबत होते. हा अभिप्राय तिने स्वतः वाचून होकार दिल्यावरच प्रसिद्ध करीत आहे. रुग्णालयाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण आमची लेखी तक्रार व्यवस्थापनापुढे आहे. शिवाय नाव उघड झाले की राग निघतो तो कमी पगारावर दुहेरी पाळ्या करणाऱ्या परिचारिकांवर, आणि ज्यांनी ही व्यवस्था बसवली ते मोकळे राहतात.

चांगल्याचे श्रेय आधी देते. इमारत स्वच्छ आहे, सोनोग्राफीसाठी ताटकळावे लागत नाही, गरोदरपणातल्या तपासण्यांच्या वेळी डॉक्टरबाई शांतपणे समजावून सांगत असत. बालरोगतज्ज्ञ अवेळीही तातडीने आले आणि बाळाला पहिल्या तासातच अंगावर पाजायला घेतले. वैद्यकीय कौशल्यात मला उणे दिसले नाही. उणे दिसले ते प्रसूतिकक्षाचे दार बंद झाल्यानंतर.

कळा वाढल्यावर भाचीला आत नेले आणि मला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितले. नाव नोंदवताना ‘सोबत राहता येईल’ असे तोंडी आश्वासन मिळाले होते. त्याची आठवण दिल्यावर आत दुसरीही एक बाळंतीण आहे, तिचा आडोसा मोडेल, असे उत्तर मिळाले. नंतर कळले की दोन खाटांमधला पडदा कड्या तुटल्यामुळे एका बाजूला गोळा झालेला होता आणि तो कोणी दुरुस्तच केलेला नव्हता. म्हणजे ज्या आडोशाचे कारण पुढे करून मला बाहेर ठेवले तो आडोसा आतल्या दोघींपैकी एकीलाही नव्हता, आणि सामान ने-आण करणारा वॉर्डबॉय मात्र मधूनच जात-येत होता. केंद्र सरकारने सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी स्त्रीसोबत तिच्या नात्यातील एक बाई राहू देण्याचा निर्णय २०१६ मध्येच घेतला आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींतही बाळंतिणीच्या पसंतीची सोबत हा सन्मानाने मिळणाऱ्या सेवेचा भाग मानलेला आहे. भरपूर पैसे घेणाऱ्या खाजगी रुग्णालयाने त्याहून मागे राहावे, हे मला पटत नाही.

आत जे घडले ते भाचीने सांगितले तसे लिहिते. कळ ओसरायच्या आतच तिच्यापुढे इंग्रजीतला संमतीचा कागद धरण्यात आला. ती बँकेत नोकरी करते, रोज असे कागद वाचते. तरीही तिला वाचायला वेळ दिला नाही, बोटाने जागा दाखवून सही घेतली. त्यानंतर आतली तपासणी वेगवेगळ्या व्यक्तींनी केली. त्यांतल्या काही शिकाऊ होत्या, पण आपण कोण आहोत आणि ही तपासणी पुन्हा कशासाठी, हे कोणी सांगितले नाही. ती कण्हली तेव्हा ‘ओगी राव’ (गप्प राहा) असे कोकणीत दरडावण्यात आले, आणि दुसऱ्यांदा ओरडली तेव्हा लग्न करताना हे ठाऊक नव्हते का, अशा अर्थाचे एक वाक्य ऐकवण्यात आले, जे मी इथे जसेच्या तसे लिहू इच्छित नाही. कुशीवर वळू द्या, उताणे झोपवत नाही, असे ती विनवत होती. तिचे पाय कड्यांत अडकवून ठेवले गेले. बाळाचे डोके दिसू लागल्यावर एका आयाने तिच्या पोटावर कोपराने दाब दिला. योनिमार्गाजवळ छेद दिला आहे, हे तिला टाके घालायला सुरुवात झाल्यावर कळले, आणि शेवटचे टाके तिला सरळ सरळ जाणवत होते. जास्तीचे भुलीचे इंजेक्शन मागितल्यावर ‘झालंच आता’ एवढेच उत्तर आले.

यातल्या दोन गोष्टींबाबत वैद्यकशास्त्राची भूमिका स्पष्ट आहे. पोटावर दाब देऊन बाळ बाहेर ढकलणे आणि सरसकट छेद देणे, या दोन्हींची शिफारस जागतिक आरोग्य संघटना करीत नाही. छेद खरोखरच गरजेचा असेल तर तो स्त्रीला सांगून, तिची संमती घेऊन आणि जागा नीट बधिर करूनच द्यायचा असतो. त्यासाठी वेळ नव्हता, असे व्यवस्थापक म्हणाले. एक वाक्य बोलायला किती वेळ लागतो, हे त्याच रुग्णालयातल्या रात्रपाळीच्या परिचारिकेने दाखवून दिले होते. पाळी सुरू होताच तिने भाचीला आपले नाव सांगितले. ‘बाय, आता हात लावते हं’ म्हटल्याशिवाय तिने एकदाही तपासले नाही, गर्भपिशवीचे तोंड किती उघडले आहे ते प्रत्येक वेळी सांगितले, घोट घोट पाणी पाजले, कमरेखाली घडी केलेली चादर सरकवली. सकाळी तिची पाळी संपली आणि सगळे बदलले. तेच छप्पर, त्याच खाटा, तेच दर. चांगली वागणूक कोण ड्यूटीवर आहे यावर अवलंबून राहत असेल, तर ती रुग्णालयाची सेवा म्हणता येत नाही; ते त्या एका बाईचे चांगुलपण झाले.

हा एका ठिकाणचा अपवाद असता तर मी एवढे लिहिले नसते. २०१५ मध्ये ३४ देशांतील ६५ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्यात मारहाण, शिवीगाळ, संमतीविना उपचार, एकटे सोडणे असे प्रकार गरीब-श्रीमंत सर्वच देशांत आढळले. घाना, गिनी आणि नायजेरिया येथे निरीक्षकांनी दोन हजारांहून अधिक बाळंतपणे प्रत्यक्ष पाहून केलेला अभ्यास २०१९ मध्ये आला. त्यात ४० टक्क्यांहून अधिक स्त्रियांना शारीरिक किंवा शाब्दिक दुर्व्यवहार वा भेदभाव सोसावा लागला होता, आणि छेद दिलेल्यांपैकी तीन चतुर्थांश जणींची संमतीच घेतलेली नव्हती. बाळ जन्मण्याआधीचा अर्धा तास आणि नंतरची पंधरा मिनिटे, या काळात हे सर्वाधिक घडते, असेही त्यात दिसून आले. भाचीच्या सांगण्यातही नेमका तोच काळ सर्वांत वाईट आहे. गोव्यात तर जवळपास प्रत्येक बाळंतपण रुग्णालयातच होते. रुग्णालयाबाहेरचा पर्याय कोणालाच नको आहे आणि नसावा, म्हणूनच आत स्त्रीशी कसे वागतात याची चौकशी करायला आपण संकोचता कामा नये.

घरच्यांनी, शेजाऱ्यांनी आणि व्यवस्थापकांनी आम्हाला एकच गोष्ट ऐकवली: ‘आई-बाळ सुखरूप आहेत ना, मग तक्रार कसली?’ देवाच्या कृपेने दोघे सुखरूप आहेत आणि डॉक्टरांचे त्यासाठी आम्ही आभारही मानले. पण त्या सुखरूपपणाची किंमत म्हणून अपमान सोसायचा, असा करार कोणत्याही बाईने केलेला नसतो. टाक्यांच्या दुखण्याने भाचीला कित्येक दिवस धड बसून बाळाला पाजता आले नाही. तपासणीला पुन्हा त्या इमारतीत जायचे म्हटले की तिचे हात थंड पडतात. दुसऱ्या खेपेला अशी बाई रुग्णालयात उशिरा पोहोचली, तर दोष तिला देणार का?

शुल्क परतावा आम्ही मागितलेला नाही. आम्ही केसपेपरची प्रत मागितली. रुग्णहक्कांच्या राष्ट्रीय सनदेनुसार घरी सोडल्यानंतर शक्यतो ७२ तासांत ती मिळायला हवी. आधी केवळ डिस्चार्जचा कागद पुढे केला गेला; पाठपुरावा केल्यावर पूर्ण प्रत मिळाली. तीत छेदाची नोंद आहे, संमतीच्या रकान्यात ती घाईतली सही आहे, आणि पोटावर दिलेल्या दाबाचा एका शब्दानेही उल्लेख नाही. मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे, कारण जे लिहिलेच जात नाही ते पुढच्या बाईच्या बाबतीत थांबवणार कसे?

तेथे किंवा अन्यत्र नाव नोंदवणाऱ्यांना माझा सल्ला असा, की खोलीचे दर विचाराल त्याच बैठकीत सोबतीला कोण राहू शकेल हे लिहून घ्या, आणि छेद केव्हा व कोणाला विचारून देता, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या फॉग्सी या संघटनेचा ‘मान्यता’ नावाचा उपक्रम खाजगी प्रसूतिगृहांसाठी आहे. त्यातील १६ मानकांत बाळंतिणीला सन्मानाने वागवणे हेही एक आहे, तेव्हा ते प्रमाणपत्र आहे का, तेही विचारावे. संमतीचा कागद कळा सुरू होण्याआधी घरी आणून वाचता येतो का, हे मी आता प्रत्येकीला विचारायला सांगते.

वैद्यकीय कौशल्यासाठी पाचपैकी चार, स्वच्छतेसाठी पाच, प्रसूतिकक्षातील वागणुकीसाठी एक, आणि तो एक त्या रात्रपाळीच्या परिचारिकेचा. तक्रारीवर पडदा दुरुस्त केल्याचे तोंडी कळवले गेले आहे. सोबत, संमती आणि पोटावरचा दाब या तीन मुद्द्यांवरचे लेखी उत्तर अजून यायचे आहे. ते आले की याच अभिप्रायात जोडीन.